चादरीच्या घडीत एक पुस्तक आहे

सोनू, बॅग भरताना तू गोष्टींची सगळी पुस्तकं परत कपाटात ठेवलीस. म्हणे, आता फक्त चौरसिया. वाच की, ॲनाटॉमी करायची तर तो लागणारच. पण एक पुस्तक मी गुपचूप तुझ्या चादरीच्या घडीत सरकवलंय. भाऊंना बोलू नकोस, नाहीतर “फी काय गोष्टी वाचायला भरली का?” सुरू होईल.

व्हिन्सेंट लॅमचं आहे, ‘ब्लडलेटिंग अँड मिरॅक्युलस क्युअर्स’. हा टोरोंटोत इमर्जन्सीत काम केलेला डॉक्टर. त्याच्या या पहिल्याच पुस्तकाला २००६ साली कॅनडातला मानाचा गिलर पुरस्कार मिळाला. कथा सुट्या, पण माणसं तीच फिरून येतात: मिंग, फिट्झजेराल्ड, श्री, चेन. सुरुवातीला मिंग आणि फिट्झ मेडिकलच्या प्रवेशासाठी घासतायत. तुझी नीटची दोन वर्षं आठवतील बघ. तिला सीट मिळते, त्याची हुकते, आणि मग प्रेमाचं जे काय व्हायचं ते होतं. पुढचं सांगत नाही.

डिसेक्शनची कथा मात्र पहिल्या महिन्यातच वाच. एका टेबलावर मिंग, श्री आणि चेन. मृतदेहाच्या हातावर गोंदण. मॅन्युअलमधे सांगितलाय तसा छेद घ्यायचा तर ते मधोमध कापलं जाणार. मिंग म्हणते, सांगितलंय तसं कापा. श्रीला गोंदण वाचवायचंय. वाईट याचं वाटतं की दोघांचंही पटतं. तुम्हाला आधी कॅडॅव्हरची शपथ देतील ना, तिच्यात असले प्रश्न नसतात.

कादंबरी का नाही दिली विचारशील. अगं, कादंबरीचा नायक बहुतेक वेळा शेवटपर्यंत नायकच राहतो. इथे आत्ता ज्याच्या मनात आपण शिरून बसलो होतो, तोच पुढच्या कथेत कुणाच्या तरी दारातून डोकावून जाणारा डॉक्टर. फिट्झ तर २००३च्या सार्सच्या साथीत स्वतःच पेशंट होतो.

आता हे आपल्याकडे आणून बघ. ऊसतोडीचा हंगाम लागला की वारणेकाठी बीडकडच्या टोळ्या उतरतात. एखाद्या रात्री कॅज्युअल्टीत बाई येईल, हातावर कोयता बसलेला. तुझ्या गोष्टीत तो तुझा पहिला टाका असेल, तू हॉस्टेलवर सगळ्यांना सांगशील. तिच्या गोष्टीत तू कोण? मुकादमाची उचल अंगावर आहे. नवराबायको मिळून एक कोयता धरलेला, म्हणजे ती बसली की त्याचंही काम अडलं. खाडा पडला की पैसे कापणार. खोपीवर लेकरं. तू सांगणार, “आठ दिवस हात भिजवू नका, ड्रेसिंगला या.” ती मान हलवणार. तिसऱ्या दिवशी ती फडात मोळ्या बांधत असेल, आणि तू वॉर्डात म्हणशील, “ही माणसं ऐकतच नाहीत.” तेव्हा लॅम आठवला तरी पुरे.

मराठीत डॉ. रवी बापटांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ आहे. त्या कथा नव्हेत, आठवणी आहेत, वॉर्डातल्या पोस्टिंगा सुरू झाल्या की घे. बुल्गाकोव हा रशियन लेखक मात्र इंटर्नशिपपर्यंत उघडूच नकोस. नुकताच पास झालेला पोरगा, रशियातलं आडगाव, आणि पहिल्यांदाच कुणाचा तरी पाय कापायची वेळ. आत्ता वाचलास तर पहिल्या एसटीनं परत येशील.

आणि तुम्हाला पहिल्या वर्षापासून गावातली कुटुंबं देतात ना, फॅमिली ॲडॉप्शनची? सीनियर सांगतील, लॉगबुक भर, सही घे, सुट. बीपी-शुगर लॉगबुकात लिहायचंच, पण एक साधी वही वेगळी ठेव. म्हातारीच्या गोळ्या कोण आणतं, त्या ठेवतात कुठं, बाजारचा वार कुठला, दवाखान्याला म्हणून कुणाची मजुरी बुडते, हे तिच्यात. नावं नको लिहूस, वही कुणाच्याही हाती पडते. पुढच्या खेपेला जाण्याआधी ती चाळ, म्हणजे तेच तेच विचारून त्यांचा जीव खाणार नाहीस.

दिवाळीला येशील तेव्हा मिंग फिट्झशी नीट वागली का, यावर भांडू. माझं मत पक्कं आहे, पण आधी तुझं ऐकणार.