कामाची किंमत कशी ठरवावी?

कारखान्यात कोणाला किती मजुरी द्यावी, हे आपल्याकडे बहुधा तीन गोष्टींवरून ठरते: शेजारचा मालक किती देतो, कामगार किती अडून बसतो आणि तो मालकाचा कोण लागतो. पहिली गोष्ट टाळता येत नाही. उरलेल्या दोहोंचा कामाशी काडीचाही संबंध नाही.

मोजायचे असते ते काम, माणूस नव्हे. कामगार चपळ आहे की आळशी, हा हिशेब वेगळा. त्या जागेवर कोणीही उभा राहिला तरी त्याला काय यावे लागते आणि काय स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे लागते, एवढेच पाहावे. पवित्र कुरआनात (सूरह कसस) हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याचा सल्ला मदयनच्या बुजुर्गांना त्यांच्या मुलीने दिला, तेव्हा तिने दोनच गुण सांगितले: बळ आणि अमानतदारी. आजच्या कारखान्यात बळ म्हणजे कसब, आणि अमानतदारीची परीक्षा कोणी पाहत नसताना घेतलेल्या निर्णयात होते, असे आम्हाला वाटते.

कसब डोळ्यांना दिसते. निर्णय कसा मोजावा? लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीत अभ्यास करणाऱ्या एलियट जॅक्स यांनी 1956 च्या आपल्या पुस्तकात यावर एक युक्ती मांडली. कामगार किती काळ कोणाच्या तपासणीविना स्वतःच्या अकलेने काम करतो, तो काळ मोजावा. सोप्या भाषेत, त्याची चूक किती दिवसांनी उघडकीस येते?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांना ही कसोटी लावून पाहा. कांडी सैल भरली तर मागावर चढताच कळते. विणकराकडून तार सुटली तर ती घडी करताना, म्हणजे एक-दोन दिवसांत सापडते. जॉबरने मागाची जुळणी चुकीची केली तर कापड चालू राहते, पण भाग झिजतात आणि दुखणे आठवड्यांनी बाहेर येते. सायझिंगवाल्याची खळ बिघडली तर? बीम मागावर चढेपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. मग सारखे तार तुटतात, आणि बोलणी खातो बिचारा विणकर! सुताची खरेदी करणाऱ्याचा अंदाज चुकला तर ते गोदामात माल पडून राहिल्यावर समजते.

मात्र ही एकच कसोटी धरली तर कांडीवालीवर अन्याय होईल. तिची चूक लगेच दिसते, म्हणून तिचे काम हलके ठरत नाही. दिवसभर एकाच ताणाने सूत गुंडाळणे, तुटलेला धागा क्षणात जोडणे, हे कसब आहे. ते बाई घरी शिकून आली, आपण शिकवले नाही, म्हणून आपण ते फुकट समजतो. समान मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, हे तत्त्व सांगणारा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1958 साली मान्य केला. त्यातही कामाचे निःपक्ष मूल्यमापन करण्याचे सांगितले आहे.

करायचे कसे? एका कागदावर कसब, निर्णय, अंगमेहनत आणि धोका अशी चार घरे आखा. समजा पहिल्या दोघांना 35-35 आणि उरलेल्यांना 15-15 गुण ठेवले. प्रत्येक कामाला गुण देताना जॉबर आणि एखादा जुना विणकर शेजारी बसवा. एकट्या मालकाने दिलेले गुण कोणी मानत नाही. गुण म्हणजे रुपये नव्हेत. विणकर व जॉबर यांचे बाजारभाव सर्वांना ठाऊक असतात. ते दोन खुंट धरून बाकीची कामे त्यांच्या वर-खाली बसवा, आणि ठरलेली मजुरी काम सुरू होण्यापूर्वीच सांगा.

मागाची जात बदलली की कागद पुन्हा काढावा लागतो. शटललेस मागावर बाणा थेट कोनवरून येतो. तेथे कांडीचे काम उरतच नाही. जॉबरला मात्र पान्याबरोबर विजेचे पॅनलही समजावे लागते. जुन्या दरात तो तेथे किती दिवस टिकेल?