वेग दुप्पट, थांबायला अंतर चौपट



गतीची तीन समीकरणे तुम्ही नववीत शिकता. ती पाठ असतात, परीक्षेत त्यांवरची उदाहरणेही सुटतात. पण सुट्टीत घरी गेल्यावर मोठ्या भावाच्या किंवा काकांच्या स्कूटरकडे पाहताना ती समीकरणे किती जणांना आठवतात? ती तिथेच आठवावीत, म्हणून हा लेख. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, एक गजबजलेला रस्ता पुरे आहे. मी झाशीचा बडा बाजार निवडला आहे, कारण आमचे घर तिथलेच आणि तो रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

झाशी आपल्यापैकी अनेकांना राणी लक्ष्मीबाईंमुळे माहीत असते. नारोशंकर १७४२ मध्ये सुभेदार म्हणून तिथे आले, पुढे नेवाळकरांची सत्ता आली आणि मराठी घरे त्या शहरात रुजली. नेवाळकरांचा राणी महाल या बाजारभागातच आहे. इथल्या गल्ल्या आखल्या गेल्या त्या पायी चालणारे, बैलगाड्या, पालख्या आणि घोडे यांच्यासाठी. माणूस सेकंदाला साधारण दीड मीटर चालतो, दुडक्या चालीचा घोडा तीन-चार मीटर जातो. आज त्याच रुंदीच्या गल्लीतून स्कूटर सेकंदाला दहा मीटर जाऊ पाहते. रस्ता तोच राहिला, वेग तिप्पट झाला. मग धोकाही तिप्पट झाला का? नाही, तो त्याहून पुष्कळ जास्त वाढला. का, ते आता पाहू.

एकसमान त्वरण म्हणजे काय?

दर सेकंदाला वेगात होणारा बदल म्हणजे त्वरण. प्रत्येक सेकंदाला हा बदल तेवढाच राहिला, तर ते एकसमान त्वरण. समजा, एक स्कूटर थांबलेल्या स्थितीतून निघाली आणि तिचे त्वरण २ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद आहे. हे एकक लांबलचक वाटते, पण त्याचा अर्थ सरळ आहे : दर सेकंदाला वेग '२ मीटर प्रति सेकंद' इतका वाढतो. पहिल्या सेकंदाअखेर वेग २, दुसऱ्याअखेर ४, तिसऱ्याअखेर ६ आणि चौथ्याअखेर ८.

वेग असा समान पायऱ्यांनी चढतो. अंतराचे मात्र तसे नाही. पहिल्या सेकंदात वेग ० पासून २ पर्यंत गेला, म्हणजे सरासरी १. स्कूटर १ मीटर सरकली. दुसऱ्या सेकंदात सरासरी ३, म्हणून ३ मीटर. तिसऱ्यात ५, चौथ्यात ७. एकूण अंतर झाले १, ४, ९, १६ मीटर. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट होते, वेळ तिप्पट झाली की नऊपट.

विषम संख्यांची ही ओळ गॅलिलिओने शोधली. उतरत्या लाकडी पन्हळीतून त्याने पितळी गोळी घरंगळत सोडली आणि भांड्यातून गळलेल्या पाण्याचे वजन करून वेळ मोजली. हे काम १६३८ मध्ये त्याच्या ग्रंथात छापले गेले. सेकंदकाटा नसताना त्याने जे मोजले, ते आज तुम्ही मैदानावर मोबाईलच्या स्टॉपवॉचने सहज मोजू शकता.

इथे एक प्रश्न मला वर्गात दरवर्षी विचारला जातो : "सर, वर फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग शून्य असतो, मग त्वरणही शून्यच ना?" नाही. त्वरण शून्य झाले असते, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना, तिन्ही वेळी त्वरण तेच आहे : ९.८, खालच्या दिशेने. वेग किती आहे आणि वेग कसा बदलतो आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्रेकच्या बाबतीत हाच भेद जीव वाचवतो.

ब्रेक लावल्यावर

ब्रेक घट्ट दाबला की टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण जवळपास ठरावीक राहते. म्हणून वेग दर सेकंदाला जवळपास सारखाच कमी होतो. हेही एकसमान त्वरणच, फक्त गतीच्या उलट दिशेने. कोरड्या रस्त्यावर ते ५ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद आहे, असे धरू.

स्कूटर ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर जात असेल, तर ती १ सेकंदात थांबते. या काळात सरासरी वेग अडीच, म्हणून अंतर २.५ मीटर.

ताशी ३६ ला, म्हणजे सेकंदाला १० मीटर असताना, थांबायला २ सेकंद लागतात. सरासरी वेग ५, अंतर १० मीटर.

ताशी ५४ ला, म्हणजे सेकंदाला १५ मीटर असताना, ३ सेकंद. सरासरी ७.५, अंतर २२.५ मीटर.

समीकरण न वापरताही कारण स्पष्ट दिसते. वेग दुप्पट केला की थांबायला वेळ दुप्पट लागते, आणि त्या वेळेत सरासरी वेगही दुप्पट असतो. दोन्हींचा गुणाकार चौपट. तिसऱ्या समीकरणात वेगाचा वर्ग येतो, तो इथून.

पण ही झाली ब्रेक लागल्यानंतरची गोष्ट. डोळ्यांना अडथळा दिसणे, मेंदूने तो ओळखणे आणि हाताने ब्रेक दाबणे यांत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात स्कूटर पूर्ण वेगाने पुढे जात राहते. ते अंतर मिळवले तर एकूण हिशेब असा :

ताशी १८ : ५ + २.५ = ७.५ मीटर
ताशी ३६ : १० + १० = २० मीटर
ताशी ५४ : १५ + २२.५ = ३७.५ मीटर

आता बडा बाजारात उभे राहा. दुकानाच्या पायरीवरून एक लहान मूल रस्त्यावर धावत येते. तुमच्यापासून अंतर ७.५ मीटर. ताशी १८ ची स्कूटर त्याच्याजवळ येऊन थांबते. ताशी ३६ ची स्कूटर? तिच्या चालकाचा तो पहिला सेकंदच अजून संपलेला नाही. ब्रेक लागलेलाच नाही. मुलाला धडक बसते ती पूर्ण ताशी ३६ ने. "थोडा वेग कमी होऊन लागेल" ही आपली समजूत इथे खोटी ठरते.

दुसरे उदाहरण. मोकळ्या रस्त्यावर २० मीटरवर गाय बसली आहे. ताशी ३६ ची स्कूटर तिच्यापाशी जेमतेम थांबते. ताशी ५४ ची स्कूटर पहिले १५ मीटर ब्रेकशिवाय जाते, उरलेल्या ५ मीटरमध्ये ब्रेक लागतो. वेगाचा वर्ग = २२५ − (२ × ५ × ५) = १७५, म्हणजे वेग सुमारे १३.२ मीटर प्रति सेकंद. जिथे पहिली स्कूटर थांबली, तिथे दुसरी ताशी ४७ च्या पुढे आहे. थांबण्याच्या अंतरात वेग शेवटी शेवटीच झपाट्याने उतरतो. सुरुवातीच्या मीटरांत फारसा कमी होत नाही.

पट्टीचा प्रयोग

प्रतिसादाला लागणारा वेळ मोजायचा असेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राने ती उभी धरावी, शून्याची बाजू खाली. तुम्ही शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवा. मित्र न सांगता पट्टी सोडेल, तुम्ही पकडा. ५ सेंटिमीटरवर पकडली तर वेळ ०.१ सेकंद, ११ वर ०.१५, २० वर ०.२, ३१ म्हणजे पट्टी निसटलीच तर ०.२५ सेकंद. पाहा, इथेही ०.१ चे ०.२ झाले की ५ चे २० झाले.

बहुतेक जण १५ ते २० सेंटिमीटरच्या आसपास पकडतात. मग रस्त्यावर एक सेकंद का धरायचा? कारण इथे तुम्ही पट्टीकडे टक लावून तयार असता. रस्त्यावर काय येणार, कुठून येणार, हे माहीत नसते. आता मित्राशी गप्पा मारत हाच प्रयोग करा आणि आकडे ताडून पाहा. गाडी चालवताना फोनवर का बोलू नये, याचे उत्तर तुमच्याच वहीत मिळेल.

पडणे आणि थांबणे

ऑब्स्टॅकल कोर्समध्ये सव्वा मीटर उंचीवरून उडी मारली, तर जमिनीला टेकताना वेग सुमारे ५ मीटर प्रति सेकंद होतो. हा वेग शून्यावर आणायचा आहे. पाय ताठ ठेवले, तर शरीर समजा ५ सेंटिमीटरमध्ये थांबते. गुडघे वाकवत गेलो, तर ५० सेंटिमीटरमध्ये. यातला एक सोपा नियम लक्षात ठेवा : पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, इतक्या पट गुरुत्वीय त्वरण शरीराला सोसावे लागते. ताठ पायांना १२५ भागिले ५, म्हणजे २५ पट. वाकलेल्या गुडघ्यांना १२५ भागिले ५०, म्हणजे फक्त अडीच पट. तुमचे उस्ताद "घुटने मोड!" असे ओरडतात, त्यामागे हे गणित आहे. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जमिनीवर टेकण्याचा सराव घेतला जातो, तोही याचसाठी : पाय जोडून, गुडघे वाकवून, अंग लोळवत थांबायचे, म्हणजे थांबण्याचे अंतर आणि वेळ दोन्ही वाढतात.

झाशीच्या किल्ल्यावर राणीने घोड्यावरून उडी घेतल्याची जागा दाखवतात. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचा वेढा फोडून त्या बाहेर पडल्या, दामोदरराव पाठीशी बांधलेले, असे परंपरा सांगते. तिथे उभे राहिल्यावर खाली बघून प्रत्येकाच्या मनात उंचीचा विचार येतो. समीकरण आपल्याला आणखी एक गोष्ट बघायला शिकवते : खाली काय आहे? ५ मीटरचा थेट पडाव एका सेकंदात ताशी ३६ चा वेग देतो. सपाट खडकावर तो वेग क्षणात मारावा लागतो. उतारावर घोडा पाय रोवत, घसरत, धावत तो हळूहळू जिरवू शकतो. कसलेला स्वार उतार शोधतो, तो यासाठीच.

हेल्मेटचेही काम तेच. उभ्या स्कूटरवरून नुसते कलंडलो, तरी डोके सुमारे दीड मीटरवरून खाली येते. उघडे डोके समजा ५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर १५०० भागिले ५, म्हणजे ३०० पट. हेल्मेटच्या आतला फोमचा थर २५ मिलिमीटर दबला, तर ६० पट. म्हणून "इथल्या इथेच जायचंय, हेल्मेट कशाला?" हा प्रश्न भौतिकशास्त्राला मान्य नाही. आणि पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधीच निघून जाते, हेही विसरू नका.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगा सैनिकी शाळेत शिकतो, धाडसी आहे, म्हणून सुट्टीत त्याच्या हाती गाडीची किल्ली देण्याचा मोह होतो. गिअरच्या दुचाकीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्याही आधी वरचे ७.५ मीटरचे उदाहरण त्याच्यासोबत बसून एकदा सोडवा. धाडस आणि घाई यांत फरक आहे, हे त्याला आकड्यांतून लवकर पटेल.

स्वतः सोडवा

१. पावसात रस्ता ओला आहे, ब्रेकचे त्वरण निम्मे, म्हणजे २.५ झाले. ताशी ३६ ला एक सेकंदाच्या प्रतिसादासह एकूण किती अंतर लागेल?

२. झाशीपर्यंत धावणारी गतिमान एक्सप्रेस ताशी १६० किलोमीटर वेगाने जात आहे, असे धरा. ब्रेकचे त्वरण ०.८ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद धरले, तर गाडी किती अंतरात थांबेल?

३. सरळ वर फेकलेला चेंडू ३ सेकंदांनी हातात आला. गुरुत्वीय त्वरण १० धरून तो किती उंच गेला ते काढा.

उत्तरे : (१) १० + २० = ३० मीटर. (२) सुमारे सव्वा किलोमीटर. रुळावर माणूस दिसल्यावर चालकाने लगेच ब्रेक लावला तरी गाडी का थांबू शकत नाही, ते यावरून कळेल. (३) ११.२५ मीटर, वर जायला दीड सेकंद, यायला दीड.