शंभर मीटरच्या आत

यंदा तुरीला शेंगा धरल्यापासून जो भेटेल तो मला एकच विचारतो : रोह्यावर, म्हणजे नीलगाईवर, गोळी कोणती चालवावी आणि किती लांबून? आमचं रान जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अंगाला. वडिलांच्या वेळेपासून घरात पीकरक्षणाचा परवाना आणि ३१५ बोरची रायफल आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. तरुण पोरं तर मोबाइलच पुढे धरतात. त्यात अमेरिकेतला कुणीतरी डोंगरउतारावरचं एल्क नावाचं धिप्पाड हरीण पाचशे मीटरवरून पाडत असतो. ‘काका, एल्क पडतंय, मग रोही का नाही?’

कारण रायफल ती नाही आणि रानही ते नाही. त्यांच्या मॅग्नम रायफलीची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या आसपास वेगाने निघते. आपल्या ३१५ची जेमतेम दोन हजार. त्यात ती जड, पंधरा-सोळा ग्रॅमची, बोथट तोंडाची. शंभर मीटरवर नेम बसवलेली ही रायफल दोनशेवर फूट-सव्वा फूट खाली मारते, तीनशेवर साडेतीन-चार फूट. रोह्याची छाती असते दीड-दोन फुटांची. सपाट काळ्या रानात नजरेचा अंदाज पन्नास मीटर सहज चुकतो, आणि गोळी पोटात नाहीतर पायात जाते. रोही जातही चिवट. १९३०च्या सुमारास टेक्सासातल्या किंग रँचवर आपलीच रोही नेऊन सोडली होती. आज तिथले शिकारीही त्या जनावराला लेचीपेची गोळी चालत नाही म्हणतात.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात रोही मारण्याची परवानगी मिळाली होती. शहरातून एक नेमबाज आले, दुर्बिणीची रायफल घेऊन. कागदावर त्यांचा नेम चोख. अडीचशे-तीनशे मीटरवर नर उभा होता. मी म्हणालो, ‘साहेब, ओढ्याओढ्यानं जवळ जाऊ.’ ‘इथूनच लागतंय की मामा,’ म्हणाले आणि बार काढला. लागलाही. नर पाठीत वाकला आणि तुरीत घुसला. जाग्यावर जाऊन रक्त पाहिलं : काळपट, त्यात चघळलेला पाला. फुप्फुसाला लागलं तर रक्त गुलाबी, फेसाळ पडतं. पाला दिसला की समजायचं पोट फुटलं. असं जनावर आपणहून बसतं, पण मागे लागलं की उठून लांब जातं. म्हणून तास-दोन तास गप्प राहायचं असतं. तेवढा दम कुणाला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी कावळ्यांमुळे जागा सापडली.

नेम कुठे धरायचा ते आधी डोक्यात पक्कं हवं. रोह्याचा खांदा उंच आणि पाठ मागे उतरती, त्यामुळे नवखा माणूस वरच मारतो. काळीज खाली असतं, पुढच्या पायाच्या लगेच मागे. जनावर आडवं उभं असेल तर पायाच्या रेघेनं वर यायचं आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबायचं. पाठमोरं असेल तर रायफल खाली. गोळी सॉफ्ट नोजच घ्यावी. ती आत फुलते. फुल जॅकेटची बारीक भोक पाडून आरपार जाते, मग जनावरही पळतं आणि गोळीही. बारा बोरवाल्यांनी एल.जी. काडतूस रानडुकरासाठी ठेवावं, तेही पंचवीस-तीस मीटरच्या आत. त्यापुढे त्यातले सहा दाणे फाकतात. बारीक छर्ऱ्यांनी रोही मारायला जाणाऱ्याशी मी बोलतच नाही.

खरी भीती जनावराच्या मागे काय आहे याची. रायफलीची चुकलेली गोळी दोन किलोमीटरपलीकडेही माणूस मारते. आपल्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट कैकदा रात्रीच येते. कुणी दारं धरत असतं, कुणी आखाड्यावर झोपलेलं असतं. धुऱ्यावर आभाळाला लागून उभं असलेलं जनावर म्हणून मी सोडूनच देतो. मागे मातीचा बांध किंवा उतार दिसला तरच बोट घोड्यावर. बॅटरीत नुसते चमकणारे डोळे म्हणजे रोही नव्हे, गायीचेही तसेच चमकतात.

निवडणुका आल्या की बंदूक ठाण्यात जमा होते. परत आल्यावर ती मंजूर रेंजवर तपासूनच वापरावी. धक्क्यात नेम हललेला असतो. जुनी, ओल धरलेली काडतुसं दुकानदाराला दाखवावीत.

आणि कागद. २०१५च्या शासन निर्णयाप्रमाणे पिकाची नासाडी करणाऱ्या रोही-रानडुकरासाठी वन खात्याकडे अर्ज करता येतो. परवानगी हातात येईपर्यंत रान कितीही तुडवलं तरी बंदूक उचलायची नाही. १ एप्रिल २०२३पासून दोन्ही जनावरं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत. रोह्याची परवानगी खिशात आहे म्हणून काळविटावर गोळी चालत नाही. परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारचंच, त्याचं मटण वाटायचं नसतं. जनावर जखमी होऊन पळालं तर लगेच वनरक्षकाला फोन करावा आणि कुठल्या दिशेला गेलं ते सांगावं. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या रानात फेकू नयेत, हिशेब द्यावा लागतो.