सभासद शिक्षण : उसाचा दर, आयकर आणि रोजगार

उद्योगावरचा भार हलका केला की उद्योग वाढतो आणि हातांना काम मिळते, या विचाराने सरकार वेळोवेळी कायदे करीत असते. त्यांपैकी एक कायदा आपल्या उसाच्या बिलाशी थेट निगडित आहे. वार्षिक सभेत त्याचा उल्लेख होतो, पण नेमके काय घडले हे पुष्कळांना उमगत नाही. म्हणून या अंकात आपण तो समजून घेऊ.

मूळ तंटा

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकार उसाचा किमान दर ठरवीत असे. २००९-१० च्या हंगामापासून त्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपली एफ.आर.पी., आली. सहकारी कारखाने मात्र हंगामानंतर हिशेब करून पुष्कळदा त्याहून जास्त अंतिम दर देत आले. आपल्या लेखी हा उसाचा दाम. आयकर खाते म्हणे, किमान दरावरची रक्कम हा खर्च नव्हे, ती सभासदांना केलेली नफ्याची वाटणी. सबब तिच्यावर कर भरा.

उदाहरण घेऊ. समजा, किमान दर टनाला २,००० रुपये, दिलेला दर २,३०० रुपये आणि गाळप ५ लाख टन. फरक झाला १५ कोटींचा. ३० टक्क्यांनी नुसता कर साडेचार कोटी, व्याज निराळे. आणि पैसा तर केव्हाच शेतकऱ्याच्या घरी गेलेला!

कायद्याने काय केले?

२०१५ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारने ठरविलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंत दिलेली उसाची किंमत खर्च म्हणून धरावी, असे ठरले. पण ही तरतूद आकारणी वर्ष २०१६-१७ पासून पुढे. मागची प्रकरणे लोंबकळतच राहिली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सांगितले की, जादा रकमेत नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढीच वाटणी समजावी, आणि तो अंश हिशेब पाहून ठरवावा.

शेवटी २०२३ च्या वित्त कायद्याने मागच्या वर्षांनाही हीच सवलत दिली. त्यासाठी कारखान्याने अर्ज करून फेरहिशेब मागायचा होता. सहकारी कारखान्यांना सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल, असे त्या वेळच्या अर्थसंकल्पी भाषणात सांगितले गेले.

त्याच कायद्यात नव्या उत्पादक सहकारी संस्थांना १५ टक्के कराचा दर देऊ केला. त्यासाठी एक अट अशी, की ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू व्हावे. वर्षभरात जागा, कर्ज, यंत्रसामग्री जमवून धुराडे पेटविणे किती अवघड, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आपण काय ध्यानात ठेवावे?

पहिले, सवलत मंजूर दरापुरतीच आहे. मंजुरीचा कागद दप्तरी नसेल तर तोंडी सांगून भागत नाही.

दुसरे, दिलासा म्हणजे सगळी रोकड नव्हे. ज्याने कर भरला नव्हता त्याची मागणी रद्द होते. ज्याने भरला होता त्यालाच परतावा मिळतो.

तिसरे आणि महत्त्वाचे, वाचलेल्या पैशातून रोजगार निर्माण करा, अशी सक्ती कायद्यात नाही. तो पैसा कर्जफेडीत जाईल, आसवनी वा सहवीजनिर्मितीत लागेल, की नुसता खर्चात विरेल, हे संचालक मंडळ ठरविते, आणि मंडळ आपण निवडतो.

तेव्हा वार्षिक सभेत अहवाल चाळून चहाला उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : आपल्यावर अशी मागणी किती वर्षांची होती? फेरहिशेबाचा अर्ज केला का? सुटलेला पैसा कुठे लागला, आणि त्यातून गावची किती पोरे कामाला लागली?

सरकारने ओझे उतरविले, ते उसाच्या दामावरचे होते. त्याचा हिशेब मागणे हा सभासदाचा हक्क आहे आणि कर्तव्यही.