साडीत चिप बसवायची, तर खर्च किती?

साडीच्या टोकाला मोबाइल टेकवला की ती कोणी विणली, कशी जपायची, कुठून घेतली हे सगळं पडद्यावर यावं, अशी चिप विकणारा एजंट तुमच्या दुकानात येऊन गेला असेल, तर त्याच्या कोटेशनमधल्या पहिल्या आकड्यावर जाऊ नका. चिप हा या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त भाग असतो. मोबाइल टेकवल्यावर जे पान उघडतं ते तयार करायला खरा खर्च येतो, आणि ते साडीइतकी वर्षं चालू ठेवायला त्याहून जास्त.

आधी कोणती चिप ते ठरवा. मोठ्या दुकानांत कपड्याच्या लेबलात असते ती आरएफआयडी. तिचा रीडर काही मीटरवरून अख्खा गठ्ठा वाचतो. डिकॅथलॉनमध्ये टोपलीत कपडे टाकले की बिल आपोआप तयार होतं, ते तिच्यामुळे. घाऊक भावात ती नगाला पाच-दहा रुपयांत मिळते, पण साध्या मोबाइलला वाचता येत नाही आणि हातातला रीडरच पन्नास हजारांच्या घरात जातो. साठा मोजायला उत्तम. गिऱ्हाइकाला तिचा उपयोग नाही. गिऱ्हाइकासाठी लागते ती एनएफसी. तिला बॅटरी लागत नाही, फोन दोन-तीन सेंटिमीटरवर आणला की ती एक लिंक देते. एनटॅग २१३ ही साधी चिप. तिच्यात १४४ बाइट मावतात, म्हणजे एका लिंकपुरती जागा. धुण्यात टिकेल अशा कापडी किंवा बटणाच्या आवरणात ती थोडक्या संख्येत घेतली तर ४० ते ६० रुपये धरा.

आता वर्षाला तीनशे पैठण्या विकणाऱ्या दुकानाचा हिशेब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, घासाघीस तुम्ही करालच. चिप ४० रुपयांप्रमाणे १२,०००. टाके घालून बसवायचे दहा रुपयांप्रमाणे ३,०००. स्वतःच्या नावाचं डोमेन ८००, होस्टिंग ३,०००. पान तयार करून घ्यायला २०,०००. एकूण ३८,८००, म्हणजे साडीमागे १३० रुपयांच्या आसपास. दुसऱ्या वर्षी पानाचा खर्च नाही, तेव्हा हाच आकडा ६३ वर येतो. चिपमध्ये लिंक भरायला वेगळं यंत्र लागत नाही. एनएफसीचा फोन आणि फुकट मिळणारं ॲप पुरतं. दुकानातला मुलगा दुपारच्या शांत वेळेत शंभर भरून ठेवील.

लिंक मात्र स्वतःच्या डोमेनचीच हवी. पुरवठादार म्हणतो, ‘आमची लिंक टाका, डॅशबोर्ड फुकट.’ तीन वर्षांनी त्याने धंदा गुंडाळला किंवा भाडं दुप्पट केलं, तर कपाटाकपाटांत गेलेल्या चिपा बदलायला तुम्ही कुठे फिरणार? डोमेन तुमचं असेल तर आतलं पान हवं तेव्हा बदलता येतं. .इन डोमेन एकदम दहा वर्षांसाठी घेता येतं, घेऊन टाका. गूगल आणि लिवाइसने २०१७ मध्ये ३५० डॉलरचं जॅकार्ड जॅकेट आणलं होतं. बाहीवर बोट फिरवलं की गाणं बदलायचं. २०२३ मध्ये त्याचं ॲप बंद झालं आणि घेणाऱ्याकडे उरलं साधं जॅकेट. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं हे झालं, आणि पैठणी तर सुनेकडून नातीकडे जाणारी वस्तू.

पान कसं असावं याबद्दल माझं मत ठाम आहे: ॲप उतरवायला लावू नका, मोबाइल नंबर मागू नका. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेच दुकानदारांना बजावलं आहे की, बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नये. मग विकून झालेल्या साडीवर तो कशाला? पहिल्या पडद्यावर साडीचा फोटो, कोणत्या गावात विणली, किती दिवस लागले, रेशीम आणि जर कोणती. त्याखाली जपणूक: पाण्यात धुवायची नाही, मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवायची, दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालायची, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही. विणकराचं नाव घालायचं तर त्याला विचारून. त्याचा फोन नंबर कधीच नाही. मजकूर मराठीत आणि पान हलकं हवं. लग्नाच्या हॉलमध्ये रेंज नसते आणि ‘कुठून घेतली गं?’ हा प्रश्न नेमका तिथेच येतो.

शिवाय स्वस्त अँड्रॉइड फोनांत बऱ्याचदा एनएफसी नसतं. त्यामुळे शेजारी क्यूआर छापलेली साटीनची पट्टी हवीच. तिचे दोन-तीन रुपये पडतात. दहा हजारांखालच्या साडीला तर माझा सल्ला एवढाच: चिप राहू द्या, नुसता क्यूआर लावा.

चिप बसवायची कुठे, हे एजंटला बहुधा माहीत नसतं. पदरात नको, काठाजवळही नको. जर धातूची असते आणि धातूजवळ एनएफसीचा ॲन्टेना नीट चालत नाही. फोन टेकवत बसावं लागतं. ब्लाउजपीसवर नको, कारण तो पहिल्याच आठवड्यात शिंप्याकडे कापला जातो. नेसताना आत खोचलं जातं त्या टोकाला, काठापासून लांब, साध्या पोतावर छोटी कापडी पट्टी शिवून तिच्यात बसवा. चार टाके उसवून ती काढता आली पाहिजे, कारण साडी रोल प्रेसला गेली की कडक चिप रोलरखाली रेशमावर वळ उठवू शकते.

‘चिप आहे म्हणजे अस्सल’ हे विकायचं असेल, तर मात्र खर्चाची पायरी बदलते. साध्या चिपमधली लिंक कुणीही वाचून दुसऱ्या चिपेत भरू शकतो. एनटॅग ४२४ डीएनएसारखी चिप दर वेळी नवा सांकेतिक आकडा देते आणि तो सर्व्हरवर तपासावा लागतो. अशी टिकाऊ चिप १२० रुपये धरली, तपासणीची यंत्रणा लिहून घ्यायला ८०,००० आणि बाकी खर्च वरच्यासारखाच, तर पहिल्या वर्षी १,४२,८०० होतात. साडीमागे ४७६. बारा हजारांच्या साडीवर हा चार टक्के भार झाला. आणि एवढं करूनही सिद्ध काय होतं? चिप तुमच्या दुकानाची आहे, इतकंच. यंत्रमागावरच्या साडीला ती लावली तर चिपेला काय कळणार! हातमाग ओळखायचा तर पदर उलटून बघा: हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हातमागाची नव्हे.

शिवलेले कपडे विकणाऱ्यांनी एक गणित आधी करावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८. २,४५० चा कुर्ता गिऱ्हाइकाला २,५७२.५० ला पडतो. चिपेचे साठ रुपये चढवून तो २,५१० केलात, तर २,९६१.८० होतात. साठ रुपयांच्या चिपेपायी गिऱ्हाइकाच्या खिशातून ३८९ रुपये जास्त. साडी कापडात मोडते, तिला ही भीती नाही.

युरोपला माल पाठवणाऱ्यांना निवड फार दिवस राहणार नाही. तिथला जुलै २०२४ मध्ये लागू झालेला कायदा वस्तूंसाठी डिजिटल पासपोर्ट आणतो आहे, आणि कपडे त्यात अग्रक्रमावर आहेत. पण त्यासाठी धाग्याच्या खरेदीपासूनची कागदपत्रं लागतील; ती जमवायला आजच सुरुवात करा, चिप नंतर बघू.

गिऱ्हाइकांनी घाबरू नये: एनएफसी चिप तुम्ही कुठे जाता ते सांगत नाही, तिच्यात जीपीएस नसतं. तुम्ही पान उघडलंत एवढी नोंद दुकानाकडे जाते. लांबून वाचली जाणारी आरएफआयडी लेबलं मात्र घरी आल्यावर कापून टाकावीत. चिपेच्या नावावर जादा पैसे घेतले आणि पान उघडतच नसेल, तर बिल घेऊन दुकानात जा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि दुकानदारांनो, तीनशेची ऑर्डर देण्याआधी दहाच मागवा. चार ड्रायक्लीनला टाका, दोनांवरून गरम इस्त्री फिरवा, दोन रोल प्रेसला द्या, उरलेल्या दोन जरीच्या पदराला लावून तीन वेगवेगळ्या फोनांनी वाचून बघा. दहापैकी किती बोलतात ते पाहून मग भाव करा.