पॉकेटमनी : आधी यादी, मग आकडा

मुलगा अकरावीला गेला आणि आम्ही त्याला महिन्याला पाचशे रुपये ठरवले. आकडा आला तो नात्यातल्या आणि सोसायटीतल्या चार घरांत विचारून. कोणी तीनशे देत होतं, कोणी दोन हजार. आम्ही मधलं काहीतरी धरलं. दोन हजारांत भाच्याचं पेट्रोल, रिचार्ज आणि कपडेही बसत होते, आणि तीनशेवाल्या घरी लागतील तसे वरून मिळत होते, हे पुढे कळलं.

आमचं घर नाशिकच्या इंदिरानगरला, कॉलेज आणि क्लास कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात. सिटीलिंकचं तिकीट, झेरॉक्स, जर्नल आणि मित्रांबरोबरची मिसळ, सगळं त्याच पाचशेत. दहा तारखेला खिसा रिकामा, मग ‘आई, जीपे कर ना’ सुरू. कधी चाळीस, कधी एकशेवीस. बँकेचं स्टेटमेंट पाहिलं तर पाचशेच्या नावाखाली अठराशे गेलेले. त्याच्या बाबांनी चिडून वरचे पैसे बंद केले. मुलाचं मागणं थांबलं, खर्च थांबला नाही. वाढदिवसाची काँट्री, टर्फचं भाडं, सगळं एका मित्राकडून उसनं. त्या मित्राचे वडील अंबडला कंत्राटी कामगार. त्याने बसच्या पासाचे पैसे आमच्या मुलाला दिले आणि स्वतः तास बुडवत राहिला. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा हे उघड झालं.

उधारी त्याच संध्याकाळी फेडली आणि आम्ही तिघं वही घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं, ते तेरा ते अठराच्या मुलांच्या पालकांसाठी लिहिते आहे.

खर्च कोणाचा, हे आधी लिहा. फी, क्लास, पुस्तकं, झेरॉक्स, बसचा पास, औषधं हा घरचा खर्च. तो पॉकेटमनीत घालू नका. बाहेरचं खाणं, काँट्री, सिनेमा, खेळ हा मुलाचा. काही खर्च वाटून घ्यायचे : साधे बूट घर घेईल, ब्रँडच्या बुटांचा वरचा फरक त्याचा. आमच्या यादीत खाणं ४००, काँट्री २००, टर्फ १५०, सिनेमा आणि किरकोळ १५०, शिल्लक १०० असे हजार झाले. तुमच्या यादीची बेरीज वेगळी येईल, आणि ती घराला झेपत नसेल तर मुलासमोरच एखादी ओळ खोडा. कोणती खोडायची, ते त्याला ठरवू द्या.

तारीख घराच्या मिळकतीप्रमाणे, रक्कम मात्र स्थिर. सातपूर-अंबडला पगार ज्या तारखेला होतो, त्यानंतरचा दिवस धरा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचे पैसे हंगामात एकदम येतात. म्हणून तेव्हा मुलाचा हात सैल आणि पावसाळ्यात आवळलेला, असं नको. वर्षाचा अंदाज घेऊन बारा सारखे भाग करा. आठवी-नववीच्या मुलांना आठवड्याने द्या, दहावीला पंधरवड्याने, त्यापुढे महिन्याने.

पैशाला तळ दिसू द्या. आईच्या खात्यातून लागेल तसे येणारे पैसे संपतच नाहीत. दहा वर्षांवरील मुलांना बचत खातं स्वतः उघडू आणि चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या सूचनांत बँकांना दिली आहे. मर्यादा बँक ठरवते, आणि अशा खात्यातून शिलकीपेक्षा जास्त रक्कम निघू द्यायची नाही, असा नियम आहे. पोस्टातही दहा वर्षांवरील मुलाच्या नावाने खातं निघतं. २०२४ पासून पालकांच्या खात्यातून मुलाला खर्च करू देणारी यूपीआय सर्कलची सोय आहे. तिच्या एका प्रकारात प्रत्येक खर्चाला पालकांची मंजुरी लागते. मिसळीलाही परवानगी मागावी लागली तर तो पॉकेटमनी कसला? दुसऱ्या प्रकारात पालक महिन्याची मर्यादा घालतात. ती पंधरा हजारांपर्यंत ठेवता येते म्हणून तेवढी ठेवायची नसते. यादीची बेरीज तीच मर्यादा.

संपले तर संपले. वरून देऊ नका. फारच नड असेल तर पुढच्या महिन्यातले आगाऊ द्या आणि ठरल्याप्रमाणे कापा. मित्राला उसने द्यायचे तर स्वतःच्या शिलकीतून; मित्राकडून घ्यायचे झाले तर आधी घरी सांगायचं. आजी-आजोबांनी हातावर ठेवलेले पैसे मुलाचे; तेवढ्यासाठी हप्ता कापू नका.

मार्कांशी सांगड नको. चाचणीत कमी पडले म्हणून पैसे कापले की मूल मार्क लपवायला शिकतं. घरातली कामं तर सगळ्यांचीच. भांडी लावण्याचे दर ठरवू नका. वाढ वर्षातून एकदा, जूनमध्ये, नवी यादी मांडून.

पहिल्या हजारातले सहाशे आमच्या चिरंजीवांनी मोबाईलच्या कव्हरवर आणि एका कॅफेत चार दिवसांत उडवले. आम्ही काही बोललो नाही. उरलेला महिना तो घरच्या डब्यावर राहिला आणि टर्फला गेला नाही. पैसे कशावर उडवले याची उलटतपासणी करू नका. आवडीनिवडीचा खर्च आपल्याला वेडगळ वाटणारच. लक्ष ठेवायचं ते दोनच गोष्टींवर : उधारी आणि लपवाछपवी. यातलं काही दिसलं तर पैसे बंद करण्याआधी यादी पुन्हा काढा, तिच्यात कोणता खर्च राहून गेला आहे ते पाहा आणि मगच मुलाशी बोला.