नट आवळूनही गळती का थांबत नाही?

डिझेल इंजिनचा नोझल पाईप गळायला लागला की बहुतेक जण एकच काम करतात. मोठा पाना घेतात आणि नट आवळतात. गळती थांबल्यासारखी वाटते, दोन दिवसांनी पुन्हा सुरू होते, मग पुन्हा आवळतात. सुट्टीत मी तालुक्याच्या गावी एका डिझेल पंप दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये बसायचो. तिथे असे आवळून आवळून कामातून गेलेले पाईप ढिगाने यायचे. विहिरीवरचं पाच एच.पी.चं इंजिन बंद, भुईमूग सुकतोय आणि माणूस पाईप हातात घेऊन दारात उभा! म्हणून हा लेख.

मित्रांनो, आधी जरा गणित करू. साधं एक सिलिंडरचं इंजिन घ्या. नोझल साधारण २०० किलो प्रति चौ. सेंमी. दाबाला उघडतो. पाईपचं आतलं भोक २ मि.मी. धरलं तर क्षेत्रफळ येतं ०.०३१४ चौ. सेंमी., म्हणजे पाईपला सीटवरून ढकलणारं बल फक्त सव्वासहा किलो. दाब दुप्पट धरा, डिझेल सीटवर ४ मि.मी. व्यासापर्यंत पसरलं असं धरा, तरी पन्नास किलोच. आता १२ मि.मी.चा नट २ किलो-मीटर टॉर्कने आवळला तर T = ०.२ × F × d या आपल्या मशीन डिझाइनच्या सूत्राने सीटवर सव्वाआठशे किलोच्या आसपास दाब पडतो. म्हणजे गरजेच्या कितीतरी पट! एवढं असून पाईप गळत असेल, तर कमी काय पडतंय? आवळणं तर नक्कीच नाही.

इथे सील करतात ते नटाचे आटे नव्हेत. पाईपचं शंकूच्या आकाराचं टोक आणि समोरची सीट, या दोन धातूंची बारीक गोल रेषा डिझेल अडवते. त्या रेषेवर वाळूचा कण आला, ओरखडा पडला किंवा पाईप तिरका बसला की गळती. जास्त आवळलं की टोक चेपतं, तोंडाशी भोक अरुंद होतं आणि शेवटी नटाला चीर जाते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणारेही भेटतात. त्याने काहीच साधत नाही, उलट टेपचा तुकडा आत गेला तर नोझलची मि.मी.च्या चौथ्या हिश्श्याएवढी भोकं बुजतात.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधणं महत्त्वाचं, कारण डिझेल पाईपवरून ओघळून खालच्या नटापाशी थेंब धरतं आणि दोष मात्र वर असतो. सगळं डिझेलने धुऊन कोरडं पुसायचं, खडूची पूड लावायची आणि इंजिन चालू करायचं. पहिला ओला डाग जिथे, तिथे दोष. (आणि इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, पण थेंब कुठेच नसेल, तर हा पाईप सोडा. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या बाजूने हवा आत शिरतेय का ते बघा.)

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. चालू इंजिनच्या पाईपवर बोट फिरवून गळती शोधू नका. बारीक चिरेतून येणारी धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. सुरुवातीला फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही. काही तासांनी हात सुजतो आणि बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलम लावत बसू नका, ताबडतोब सर्जनकडे जा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. शोधायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा.

आता दुरुस्ती. इंजिन बंद करून पाईप काढताना पंपाकडच्या बाजूला दोन पाने लावा. एकाने डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर धरायचा, दुसऱ्याने नट सोडायचा, नाहीतर होल्डरच फिरतो. पंपाचं आणि नोझलचं तोंड लगेच स्वच्छ टोपणाने झाका. पाईपच्या टोकावर अखंड चकचकीत कडं दिसलं तर धुऊन परत बसवा. कडं तुटलेलं असेल, टोक चेपलं असेल किंवा नटाजवळ केसाएवढी चीर असेल तर पाईप बदला. पॉलिश पेपरने घासणं नको, कण आत जातात. ब्रेझिंगही नको.

नवा पाईप दोन्ही टोकांना आधी बोटांनी लावून बघा. नट हाताने सहज फिरला पाहिजे. ओढून-वाकवून बसवलेला पाईप इंजिनच्या कंपनाने परत चिरतो. माझ्या मते पुन्हापुन्हा गळण्याचं मोठं कारण म्हणजे हरवलेला क्लॅम्प. पण क्लॅम्प कुणी विचारतच नाही!

शेवटी नोझलकडचा नट एक आटा ढिला ठेवून हँडल मारा, बुडबुडे थांबून निखळ डिझेल आलं की आवळा. हे सगळं जुन्या पद्धतीच्या पंपाला लागू. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारच्याही वर जातो. तिथे चालू इंजिनवर नट सैल करायचाच नाही, आणि बऱ्याच कंपन्या एकदा काढलेला पाईप पुन्हा वापरू नका असंच मॅन्युअलमध्ये सांगतात.